आकाशातील दोन वाटा : विमानकंपनीची नोकरी की उद्योगसमूहाचे विमान?

पैनगंगेच्या काठचे देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातील एक जुने गाव. बुलढाणा जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. छत्रपती संभाजीनगर किंवा जळगाव गाठल्याखेरीज येथील माणसाला विमानात पाऊल ठेवता येत नाही. तथापि उंचावरून जाणारी विमाने येथील शेतातूनही दिसतात, आणि दहावी-बारावीच्या वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाच्या अथवा मुलीच्या मनात वैमानिक होण्याची इच्छा त्यांच्यामुळे जागी होते. काही वर्षांपूर्वी ही इच्छा घरात बोलून दाखविणेही धाडसाचे होते. आज ती तशी राहिलेली नाही. प्रशिक्षणाच्या सोयी राज्यातच, किंबहुना विदर्भातच, उपलब्ध झाल्या आहेत आणि वैमानिकांची मागणीही वाढली आहे.

वैमानिकाचा परवाना मिळविणे हा या प्रवासाचा पहिला टप्पा होय. परवाना हाती आल्यावर कोणते उड्डाण पत्करावयाचे, हा प्रश्न पुढे उभा राहतो आणि त्याचा विचार मात्र फार थोडी कुटुंबे आधी करतात. हजारो प्रवाशांची ने-आण करणाऱ्या विमानकंपनीत जावे, की एखाद्या उद्योगसमूहाच्या, भाड्याने विमाने देणाऱ्या संस्थेच्या अथवा शासनाच्या लहान विमानावर काम करावे? दोन्हींकडे गणवेश तोच, परवानाही तोच. आयुष्याची घडण मात्र निराळी. ही निवड डोळसपणे करता यावी, या हेतूने या दोन वाटांची ओळख येथे करून दिली आहे.

दोन्ही वाटांचे मूळ एकच

भारतीय नागरी उड्डाणाचा प्रारंभ ज्या पुरुषाच्या नावाशी निगडित आहे, तो स्वतः उद्योगपतीही होता आणि वैमानिकही. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे, ते मुंबईच्या जुहू विमानतळावर एका लहानशा पुस मॉथ विमानातून उतरले. त्या टपालसेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९५३ साली विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत सेवा देणाऱ्या खासगी कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. १९९० नंतरच्या दशकात खासगी कंपन्यांना पुन्हा वाव मिळाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

या इतिहासात दोन्ही वाटा चाललेल्या एका महिलेचे उदाहरण बोलके आहे. प्रेम माथुर या भारतातील पहिल्या व्यावसायिक महिला वैमानिक. अनेक कंपन्यांनी नकार दिल्यानंतर १९४७ साली डेक्कन एअरवेजने त्यांना संधी दिली. परंतु विमानाचे प्रमुखपद तेथे मिळण्याची चिन्हे दिसेनात, तेव्हा त्यांनी काही काळ उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांचे खासगी विमान चालविले. पुढे १९५३ मध्ये त्या इंडियन एअरलाइन्समध्ये दाखल झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. एका वाटेवर दार बंद असेल तर दुसरी वाट तात्पुरती का होईना उघडी असते, आणि अनुभव कोठेही मिळविला तरी तो वाया जात नाही, हे त्यांच्या वाटचालीवरून दिसून येते. महाराष्ट्राच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी नोव्हेंबर १९८५ मध्ये निवेदिता भसीन यांच्यासह कलकत्ता ते सिलचर हे फोकर फ्रेंडशिप विमानाचे उड्डाण केले. सर्व कर्मचारी महिलाच असलेले इंडियन एअरलाइन्सचे ते पहिले उड्डाण. आज भारतातील वैमानिकांत महिलांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे आणि जगात ते अग्रेसर मानले जाते.

परवान्याची पायरी

दोन्ही वाटांसाठी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना आवश्यक असतो. तो केंद्र शासनाचे नागरी विमानवाहतूक महासंचालनालय देते. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. त्यांपैकी १०० तास उमेदवाराने विमानाची जबाबदारी स्वतः वाहिलेली असली पाहिजे. मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र, विमानविषयक नियम व तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा असतात आणि बिनतारी संभाषणाचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. शिक्षणाची प्रचलित अट बारावीस भौतिकशास्त्र व गणित असण्याची आहे. अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांना हे विषय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत देता येतात. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने प्रवेशापूर्वी महासंचालनालयाचा ताजा नियम पाहणे इष्ट ठरेल.

सर्वांत आधी करावयाची गोष्ट म्हणजे वैद्यकीय तपासणी. दृष्टी, रंगांची ओळख, श्रवणशक्ती, हृदय यांची ही तपासणी आधी दुसऱ्या श्रेणीची व नंतर पहिल्या श्रेणीची होते. पैसे भरण्यापूर्वीच ती करून घ्यावी. रंगांधळेपणासारखा दोष प्रशिक्षणाच्या मध्यावर उघडकीस आला, तर भरलेली रक्कम आणि गेलेली वर्षे दोन्ही परत येत नाहीत.

खर्च आणि त्याचा भार

या शिक्षणाचा खर्च आज पन्नास लाख रुपयांच्या घरात किंवा त्याहून पुढे जातो. शिवाय एअरबस ३२०, बोइंग ७३७ अथवा एटीआर ७२ यांसारख्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण स्वखर्चाने घ्यावयाचे झाल्यास त्यात आणखी काही लाखांची भर पडते. देऊळघाटसारख्या गावातील सोयाबीन व कापूस पिकविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा आकडा केवळ मोठा नाही. तो शेत, घर आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण या सर्वांना स्पर्श करणारा आहे. जमीन तारण ठेवून परवाना मिळविला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे नोकरी मिळाली नाही, तर व्याज थांबत नाही. २०० तासांच्या अनुभवाचे नवे परवानाधारक बाजारात पुष्कळ असतात. २०२३ या एका वर्षात महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. कंपन्यांना टंचाई भासते ती मुख्यतः अनुभवी कॅप्टनांची. नवशिक्या सहवैमानिकाला मात्र रांगेत उभे राहावे लागते, ही गोष्ट पालकांनी नीट ध्यानात घ्यावी.

साहाय्याचे काही मार्ग आहेत. नागपूरच्या महात्मा ज्योतिबा फुले संशोधन व प्रशिक्षण संस्थेने, म्हणजेच महाज्योतीने, इतर मागासवर्गीय, विमुक्त व भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबच्या साहाय्याने वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबविली आहे. गोंदियाजवळील बिरसी, धुळे, शिरपूर व बारामती येथे प्रशिक्षण संस्था निघाल्या आहेत. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला १८० वैमानिक तयार करणारी संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४ साली केली, आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. रायबरेलीजवळील फुरसतगंज येथील इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी ही केंद्र शासनाची संस्था प्रवेशपरीक्षेद्वारे विद्यार्थी निवडते.

विमानकंपनीतील जीवन

विमानकंपनीचे काम हे एका प्रचंड यंत्रणेचे काम आहे. उड्डाणाचा आराखडा एक विभाग तयार करतो, इंधनाचा हिशेब दुसरा मांडतो, कर्मचाऱ्यांचे वेळापत्रक तिसरा आखतो. वैमानिक येतो, कागदपत्रे तपासतो, इंधनाबाबत अंतिम निर्णय घेतो आणि विमान नेतो. दिवसात तीन-चार फेऱ्या, बहुधा त्याच त्या शहरांच्या, रात्री-अपरात्री उठणे, सणासुदीला घराबाहेर असणे, हे या जीवनाचे नित्याचे रूप होय. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटर नावाच्या सराव-यंत्रात परीक्षा होते आणि त्यात इंजिन बंद पडणे, आग लागणे, वादळात सापडणे असे प्रसंग उभे करून त्याची पारख केली जाते.

येथील सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ज्येष्ठता. कंपनीत ज्या दिवशी नाव नोंदले गेले, त्या दिवसावरून बढती, मोठे विमान आणि सोयीचे वेळापत्रक हे सारे बहुतांशी ठरते. म्हणून या वाटेने जावयाचे तर लवकर जाण्यात हित असते. चाळिशीत येथे आलेला अनुभवी वैमानिकही पुष्कळदा पंचविशीतील सहकाऱ्याच्या मागे उभा राहतो. कंपनी सोडून जाणेही सोपे नाही. महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची व सहवैमानिकाला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते.

त्या बदल्यात नियमांचे संरक्षण लाभते. वर्षाला १,००० तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत अमलात आलेल्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या अवतरणांची मर्यादा सहावरून दोनवर आणली. वैमानिक थकला तर त्याचा निर्णय मंदावतो, हे त्यामागील कारण. डिसेंबर २०२५ च्या आरंभी इंडिगो या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, त्यामागे या नव्या नियमांना पुरेल एवढी वैमानिकांची तजवीज नसणे हे एक प्रमुख कारण होते, आणि कंपनीला काही तरतुदींतून तात्पुरती सूट द्यावी लागली. नियम कागदावर असणे आणि तो पेलण्याइतकी माणसे असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

विमानकंपनीची नोकरी म्हणजे कायमची नोकरी, ही समजूत मात्र बरोबर नाही. १९९३ साली सुरू झालेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये बंद पडली. कंपनी बुडाली की वैमानिकाची ज्येष्ठताही तिच्याबरोबर बुडते. दुसरीकडे त्याला रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते.

उद्योगसमूहाचे विमान

दुसऱ्या वाटेवर यंत्रणा लहान असते. दोन-चार वैमानिक, एक-दोन विमाने आणि विमानाचा मालक अथवा त्याचे पाहुणे. विमान किंगएअरसारखे पंख्याचे असेल किंवा सायटेशन, लिअरजेट, फाल्कन यांसारखे जेट असेल. कायद्याच्या दृष्टीने यात दोन प्रकार पडतात. स्वतःच्याच उपयोगासाठी ठेवलेले विमान खासगी वर्गात मोडते. भाडे घेऊन प्रवासी नेणाऱ्यास अनियमित वाहतुकीचा परवाना घ्यावा लागतो. राज्य शासनांचीही स्वतःची विमाने व हेलिकॉप्टरे असतात आणि त्यांचे काम स्वरूपाने याच वाटेचे आहे.

येथील वैमानिक अनेक कामे स्वतः करतो. उड्डाणाचा आराखडा, उतरण्याची परवानगी, इंधनाची सोय, पाहुण्यांचे सामान, प्रसंगी त्यांच्या जेवणाचीही व्यवस्था त्याला पाहावी लागते. सकाळी नांदेड, दुपारी लातूर, संध्याकाळी दिल्ली असे अनेक ठिकाणांचे दर्शन घडते. एकाच मार्गाचा कंटाळा येत नाही. प्रत्यक्ष उड्डाणाचे तास कमी आणि प्रतीक्षेचे तास जास्त असतात. मालकाची बैठक लांबली तर विमानतळावर रात्र काढावी लागते. उद्याचे वेळापत्रक आज रात्री कळेल याची खात्री नसते. काही समूहांत वेतन उत्तम असते आणि वैमानिकाला सन्मानाने वागविले जाते. काही ठिकाणी त्याची गणना वाहनचालकांत होते. बढती ज्येष्ठतेवर अवलंबून नसून विश्वासावर अवलंबून असते. उद्योगाला मंदी आली की अनेकदा प्रथम विमानच विकले जाते, आणि त्याबरोबर वैमानिकाची नोकरीही जाते.

कौशल्याच्या दृष्टीने मात्र हे काम कठीण आहे. राज्यातील अनेक लहान धावपट्ट्यांवर उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याची सोय नसते. तेथे धावपट्टी वैमानिकाला डोळ्यांनी दिसावी लागते आणि त्यासाठी सामान्यतः पाच किलोमीटरपर्यंतची दृश्यमानता अपेक्षित असते. पावसाळ्यातील ढग किंवा हिवाळ्यातील पहाटेचे धुके यांत ती मिळेलच असे नाही. वैशाखातील उष्णतेचाही विचार करावा लागतो. तापलेली हवा विरळ होते, विरळ हवेत पंखांना अथवा हेलिकॉप्टरच्या पात्यांना उचल कमी मिळते आणि इंजिनाची शक्तीही घटते. जानेवारीत जे वजन सहज उचलले जाते, तेच मे महिन्याच्या दुपारी धोक्याचे ठरते.

‘नाही’ म्हणण्याचा अधिकार

दोन वाटांतील खरा भेद वेतनापेक्षा येथे अधिक स्पष्ट दिसतो. हवामान वाईट आहे म्हणून उड्डाण करावयाचे नाही, असा निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने दोन्हीकडे विमानाच्या प्रमुख वैमानिकालाच आहे. परंतु विमानकंपनीत त्या निर्णयाच्या मागे लेखी नियम, हवामानाच्या ठरलेल्या मर्यादा आणि शेकडो सहकाऱ्यांचा प्रघात उभा असतो. तिकीट काढलेला प्रवासी रागावला तरी तो वैमानिकाला नोकरीवरून काढू शकत नाही. लहान विमानात मालक किंवा मान्यवर पाहुणा दहा हातांवर बसलेला असतो. त्याची सभा, त्याचा करार, त्याच्या घरचा विवाह यांची घाई वैमानिकाला दिसत असते. कोणी शब्दाने आग्रह केला नाही, तरी मनावर दडपण येते.

या दडपणाचा विचार का करावा, हे गेल्या पंचवीस वर्षांतील घटना सांगतात. माधवराव शिंदे यांचे किंगएअर विमान ३० सप्टेंबर २००१ रोजी उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात कोसळले. लोकसभेचे अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी ३ मार्च २००२ रोजी, तर आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी २ सप्टेंबर २००९ रोजी हेलिकॉप्टर अपघातात मृत्युमुखी पडले. या प्रत्येक अपघातात वैमानिकांचेही प्राण गेले, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे मुख्यमंत्र्यांना घेऊन निघालेले शासनाचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आले. सुदैवाने सर्व जण बचावले. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात विशाखापट्टणमहून आलेले एक लिअरजेट धावपट्टीवरून बाजूला घसरून मोडले; त्यातील आठही जण वाचले. या घटनांची कारणे एकसारखी नव्हती. परंतु अशा उड्डाणांत हवामान, जागा व वेळ यांचा मेळ वैमानिकाला पुष्कळदा एकट्यानेच घालावा लागतो, हे त्यांतून लक्षात येते. विमानकंपन्या अपघातापासून मुक्त आहेत, असे नव्हे. ७ ऑगस्ट २०२० चा कोळिकोडचा आणि १२ जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात सर्वांच्या स्मरणात आहेत. तथापि उड्डाणांच्या प्रचंड संख्येच्या मानाने नियमित विमानसेवा ही प्रवासाच्या सुरक्षित साधनांत मोडते, आणि त्याचे श्रेय बव्हंशी तिच्यातील शिस्तीला आहे.

निवड कशी करावी?

ज्याला ठरावीक पद्धत, स्पष्ट नियम आणि पायरीपायरीने होणारी प्रगती मानवते, ज्याच्यावर शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आहे आणि ज्याचे वय अजून लहान आहे, त्याने प्रथम विमानकंपनीचा प्रयत्न करावा. तेथे तास लवकर जमतात, आणि १,५०० तासांच्या अनुभवानंतर मिळणारा वरच्या श्रेणीचा परवाना पुढे कोणत्याही वाटेवर उपयोगी पडतो. अनेक कंपन्या आता स्वतःच्या देखरेखीखाली कॅडेट प्रशिक्षण देतात. त्यांतील करारात नोकरीची हमी कितपत आहे आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम द्यावी लागते, हे कलमवार वाचावे.

ज्याला निरनिराळी ठिकाणे व माणसे आवडतात, जो एकट्याने व्यवस्था लावू शकतो आणि ज्याच्यापाशी मोठ्या माणसासमोर नम्रपणे पण ठामपणे नकार देण्याचे धैर्य आहे, त्याला दुसरी वाट साजेल. विमानकंपनीत संधी मिळेपर्यंत अनुभव मिळविण्यासाठीही ती उपयुक्त आहे. मात्र तेथे रुजू होण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. हवामानाच्या किमान मर्यादा लेखी ठरविलेल्या आहेत काय? सराव-यंत्रावरील प्रशिक्षणाचा खर्च कोण करतो? विमानाची देखभाल कोणाकडे आहे? गेल्या दोन वर्षांत किती वैमानिक सोडून गेले? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हा, की यापूर्वी ज्या वैमानिकाने खराब हवामानात उड्डाण नाकारले, तो आज तेथे काम करतो आहे काय? या एका प्रश्नाच्या उत्तरावरून त्या संस्थेची ओळख पटते. उत्तर समाधानकारक नसेल तर वेतन कितीही मोठे असले तरी ती नोकरी न स्वीकारणे श्रेयस्कर.

दोन्ही वाटांवर एक सावधगिरी समान आहे. वैमानिकाची नोकरी त्याच्या प्रकृतीवर अवलंबून असते. पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी दरवर्षी, आणि साठीनंतर दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. एका तपासणीत अपात्र ठरलेला वैमानिक त्याच दिवशी जमिनीवर येतो. म्हणून परवान्याबरोबर एखादी पदवी हाती असणे आणि परवाना गमावण्याच्या जोखमीचा विमा उतरविणे शहाणपणाचे ठरते.

येत्या काळात कामाचा तुटवडा भासेल असे वाटत नाही. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली. ही विमाने चालविण्यास माणसे लागणारच, आणि त्यांत बुलढाण्यासारख्या जिल्ह्यांतील मुलामुलींचा वाटा असावयास हवा. त्यासाठी पालकांनी प्रथम पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, नंतर शिष्यवृत्ती व योजनांची चौकशी करावी, आणि कर्जाचा विचार सर्वांत शेवटी करावा. या क्रमाने चालल्यास परवाना हाती येईल तेव्हा वाट निवडण्याचे स्वातंत्र्यही त्या तरुणाच्या हाती शिल्लक राहील. कर्जाच्या ओझ्याखाली मिळेल ते विमान पत्करणाऱ्यापेक्षा असा वैमानिक संकटाच्या वेळी अधिक निर्भयपणे निर्णय घेऊ शकेल.